अ‍ॅस्पिरिनची जागा कोण अडवतं?

रावेर-यावलकडे केळीची कापणी जोरात असली की घड वाहून खांदे भरून येतात आणि मेडिकलवर 'अंगदुखीची द्या' ही मागणी वाढते. बहुतेकदा हातात पडते डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन. त्यातल्याच एखाद्या आप्पांना हृदयासाठी रोजची ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनही चालू असते.

जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट तिथे चिकटतात आणि थ्रॉम्बॉक्सेन हे रसायन बाहेर टाकून आणखी प्लेटलेट बोलावतात. हे थ्रॉम्बॉक्सेन तयार व्हायला कॉक्स-१ हे एन्झाइम लागतं. अ‍ॅस्पिरिन ते कायमचं निकामी करते. प्लेटलेटला केंद्रकच नसतं, त्यामुळे तिला नवं एन्झाइम जवळपास बनवताच येत नाही. सात ते दहा दिवसांच्या आयुष्यातले उरलेले दिवस ती तशीच काढते. एवढीशी गोळी रोज पुरते ती यामुळेच. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दुखणं-सूज वाढवणारी रसायनं, बनणं रोखतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आयब्युप्रोफेनही त्याच एन्झाइमवर बसतं, पण काही तासांनी उठतं. खरी अडचण इथेच आहे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून कुणी जागा धरावी, तसं आधी घेतलेलं आयब्युप्रोफेन अ‍ॅस्पिरिनला बसू देत नाही. अ‍ॅस्पिरिन रक्तात फार वेळ टिकत नाही; जागा मोकळी होईपर्यंत ती संपलेली असते. म्हणजे गोळी घेतली, पण हृदयाचं संरक्षण घटलं. शिवाय दोन्ही मिळून जठरातून रक्तस्रावाचा धोका वाढतो, तो वेगळाच. म्हणून दुखण्याची गोळी कोणती आणि कधी घ्यायची, हे अ‍ॅस्पिरिन लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावं. अ‍ॅस्पिरिन मात्र मनाने बंद करू नये.

सेलेकॉक्सिब हे दुखण्यावरचं आणखी एक औषध मुख्यतः कॉक्स-२ या कॉक्स-१ च्या भावंड एन्झाइमवर काम करतं, प्लेटलेटना फारसं छेडत नाही. पण म्हणून ते हृदयाला निर्धोक ठरत नाही. त्याच गटातलं रोफेकॉक्सिब तर याच कारणाने २००४ मध्ये बाजारातून काढावं लागलं.

पावसाळ्यात डेंगीची साथ आली की घरोघरी प्लेटलेटचा आकडा विचारला जातो. तो आधीच घसरलेला असताना अ‍ॅस्पिरिन-आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या उरलेल्या प्लेटलेटही कमजोर करतात. म्हणून डेंगीच्या तापात त्या टाळून योग्य मात्रेत पॅरासिटामॉल देतात. सीबीसी या रक्ततपासणीच्या कागदावर ही कमजोरी दिसत नाही, तिथे फक्त मोजणी असते. त्यामुळे ताप आल्यापासून कोणती गोळी घेतली, हे डॉक्टरांना आपणच सांगायला हवं.