लाल बटण, मंगळ आणि गुळव्या

गणपती पंधरा दिवसांवर आले की बेळगावात आमच्या गल्लीत रात्री जेवणं उरकल्यावर देखाव्याची तालीम सुरू होते. यंदा पोरांनी पौराणिक विषय सोडून थेट मंगळ गाठला. मांडवाच्या डाव्या अंगाला पृथ्वीवरच्या एका निर्दय कंपनीची कंट्रोल रूम: पुठ्ठ्याचे पडदे, त्यांवर एलईडीच्या माळा, मधोमध फिरती खुर्ची आणि तिच्यात काळा गॉगल लावलेले अध्यक्ष. उजव्या अंगाला लाल मातीची पोती आणि पांढऱ्या ताडपत्रीचा घुमट, म्हणजे मंगळावरची वसाहत. तिथले कामगार थकलेला पगार मागतात. अध्यक्ष खुर्ची वळवून विचारतात, "हवा कुणाच्या बापाची?" आणि लाल बटण दाबतात. त्याच क्षणी घुमटातला दिवा जातो आणि कामगार गळा धरून कोसळतात.

मी निवृत्त भौतिकशास्त्राचा मास्तर, म्हणून मला "कसं वाटलं?" असं विचारायला बोलावलं होतं. मी म्हणालो, "झकास आहे, पण हे बटण चालणार नाही." वायरिंग केलेला पोरगा चिडला. "काय सांगूलायसा सर! आत्ताच तर जोडलो की."

वायर बरोबर होती. चूक त्या "त्याच क्षणी"मध्ये होती.

पृथ्वी आणि मंगळ यांच्यातलं अंतर एकसारखं राहत नाही. दोघं सूर्याभोवती आपापल्या गतीनं फिरतात, त्यामुळे ते कधी साडेपाच कोटी किलोमीटरवर येतात, तर कधी चाळीस कोटींवर जातात. रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगानं धावतो, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. भागाकार करून बघा. जवळात जवळ असताना हुकूम पोचायला ३ मिनिटं, लांबात लांब असताना २२ मिनिटं. "बटण दाबलं, काय झालं?" याचं उत्तर परत यायला पुन्हा तेवढीच. (जाता जाता एक शंका. मंगळाचं अंतर असं सातपट कमीजास्त होतं, मग पत्रिकेतला "कडक मंगळ" वर्षभर सारखाच कडक कसा राहतो? मुलींची लग्नं अडवणाऱ्या एकाही गुरुजींनी याचा हिशेब मला अजून दिलेला नाही.)

आपल्या बेंगळुरूच्या कंट्रोल रूमचंच बघा. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. चंद्र म्हणजे शेजारघर. अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर, संदेशाला सव्वा सेकंद. तरीही उतरतानाच्या सुमारे १९ मिनिटांत त्या खोलीतलं कुणीही विक्रम लँडर "चालवत" नव्हतं. यानातला संगणक स्वतःच उंची मोजत होता, इंजिनं कमीजास्त करत होता, जागा निवडत होता. खोलीतले शास्त्रज्ञ हात बांधून पडद्याकडे बघत होते. मंगळावर तर याहून गंमत. फेब्रुवारी २०२१ मध्ये नासाची पर्सिव्हिअरन्स गाडी उतरली, तेव्हा संदेशाला ११ मिनिटांहून जास्त वेळ लागत होता आणि वातावरणात शिरून जमिनीवर टेकायला सात मिनिटं. म्हणजे "शिरलो" ही खबर पृथ्वीवर पोचली तेव्हा गाडी उतरून चार मिनिटं उलटली होती. धड उतरली की आपटली, ते कंट्रोल रूमला ठाऊक नव्हतं, इतकंच.

इथपर्यंत पोरांना पटलं. एकजण म्हणाला, "मग उशिरा का होईना, हवा बंद होईलच ना?" प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर देण्यासाठी मला गुऱ्हाळात जावं लागेल.

माझं लहानपण निपाणीकडच्या एका खेड्यात गेलं. थंडीत गुऱ्हाळ लागलं की शाळेतून थेट तिकडे. तिथला खरा राजा गुळव्या. काहिलीत रस उकळतोय, गुळव्या काठावर उभा, नजर फेसावर. रस वर आला की तो चुलवाणाकडे बघून ओरडणार, "जाळ कमी!" खाली चिपाडं सारणारा गडी हात आखडणार. फेस बसला की "सार!" पाक गोळीला आला की नाही ते गुळव्या पाण्यात थेंब टाकून बघणार. बघणं, ठरवणं, सांगणं, पुन्हा बघणं. या गोल फिरणाऱ्या साखळीवर गुळाचा रंग ठरतो. इंजिनियर लोक यालाच फीडबॅक म्हणतात.

आता समजा, गुळव्याला घरी बसवलं आणि काहिलीची बातमी पोस्टकार्डानं कळवायची ठरवली. "रस वर आला" हे कार्ड त्याला मंगळवारी मिळतं. तो लिहितो, "जाळ कमी करा." बुधवारी पुन्हा कार्ड, "रस वर आला", कारण तेही त्याचा पहिला हुकूम पोचण्याआधीच निघालेलं. तो पुन्हा लिहितो, "आणखी कमी करा." गुळव्या तोच, डोळा तोच, अक्कल तीच. गूळ मात्र बिघडला.

किती बिघडतो ते आकड्यांत मांडता येतं, आणि मला या विषयातलं सगळ्यात आवडतं ते हेच. कागद-पेन्सिल घ्या. घुमटातला हवेचा दाब हवा त्यापेक्षा १० एककांनी जास्त झालाय. संदेशाला जाताना २० मिनिटं, येताना २० मिनिटं. अध्यक्ष दर २० मिनिटांनी पडद्याकडे बघतात आणि जेवढा फरक दिसेल तेवढाच उलट हुकूम सोडतात. १० जास्त दिसले की १० काढा, १० कमी दिसले की १० भरा. यापेक्षा सरळ नियम कुठला? पण घुमटात कुठलाही हुकूम लागू होतो तो ४० मिनिटांपूर्वीच्या, म्हणजे दोन फेऱ्यांआधीच्या परिस्थितीवरचा. मग घुमटातला फरक फेरीगणिक असा चालतो: १०, १०, १०, ०, उणे १०, उणे २०, उणे २०, उणे १०, अधिक १०, ३०, ४०, ३०, ०, उणे ४०, उणे ७०.

चौथा आकडा बघा. तिथं दाब बरोबर शून्यावर, म्हणजे जागेवर आला होता. तिथंच थांबायला हवं होतं. पण वाटेत अजून "१० काढा"चे दोन हुकूम होते, ते येऊन धडकले. एकाच चुकीची तीनदा दुरुस्ती झाली. मग उलट बाजूची घबराट, मग त्याहून मोठी सुलट. पावणेपाच तासांच्या आत १० चं संकट ७० चं झालं, आणि कुणाच्याही मनात पाप नसताना.

उपाय आहे. हुकूम पूर्ण न देता अंशतः द्यायचा. १० दिसले तर अडीचच काढायचे. हाच हिशेब पुन्हा करा. फरक हळूहळू उतरतो, दोन तासांत शून्यापाशी येतो, थोडा खाली झुकतो आणि सावरतो. मग किती अंश चालेल? उशीर मुळीच नसेल तर २ पटीच्या आत कितीही. एका फेरीचा उशीर असेल तर १ च्या आत. दोन फेऱ्यांचा असेल तर मर्यादा येते १८ अंशांच्या साइनच्या दुप्पट, म्हणजे ०.६१८. या आकड्यावर नेमकं बोट ठेवलं तर दाब दर दहा फेऱ्यांनी, म्हणजे ३ तास २० मिनिटांनी, एक हेलकावा पुरा करत झुलत राहतो. वाढतही नाही, थांबतही नाही. आणि हो, ०.६१८ म्हणजे तोच तो "सुवर्ण गुणोत्तर"वाला आकडा, ज्याच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर शंखापासून आकाशगंगेपर्यंत सगळं दैवी ठरवलं जातं. इथं तो १८ अंशांच्या कोनातून आला. त्रिकोणमितीत तो असाच भेटतो, त्याला नारळ फोडायची गरज नाही.

ज्यांना वरचा परिच्छेद डोक्यावरून गेला त्यांनी आपल्या न्हाणीघरात जावं. गच्चीवर सोलर, खाली दोन मजले पाइप. तुम्ही गरम पाण्याचा नळ सोडता, पाणी गारच. आणखी सोडता, गारच. आणखी सोडता, मग एकदम चटका! घाबरून गार पाणी सोडता आणि थोड्या वेळानं कुडकुडता. तुम्ही मूर्ख नसता, मधला पाइप लांब असतो. हिडकलच्या धरणातून घटप्रभेच्या कालव्याला पाणी सोडलं की शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची नेमकी हीच तऱ्हा होते. फक्त तो नळाऐवजी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो.

गुऱ्हाळातलं इंजिनही हाच रोग दाखवायचं. चरक फिरवणाऱ्या त्या जुन्या डिझेल इंजिनावर गव्हर्नर असायचा. वेग वाढला की आतली वजनं बाहेर फाकणार आणि तेल आपोआप कमी होणार. जेम्स वॉटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला बसवलेली युक्ती ती. पण दांडा गंजून अडखळू लागला की तेल उशिरा कमी होतं, उशिरा वाढतं, आणि इंजिन उगाच हळू-जोरात, हळू-जोरात असं कण्हत राहतं. मेस्त्री म्हणायचे, "हंटिंग करतंय." या हंटिंगचं गणित १८६८ साली मांडलं जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी. हेच ते मॅक्सवेल, ज्यांनी त्याआधी तीनच वर्षं प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर असल्याचं समीकरणांनी दाखवलं होतं. उशिरानं काय बिघडतं तेही त्यांनीच सांगितलं आणि संदेश कुठल्या वेगानं जाईल तेही. आमच्या अध्यक्षांचा दोन्हीकडून बंदोबस्त एकाच माणसानं करून ठेवला.

"पण सर, आता क्वांटम आलंय ना? ते तर झटक्यात पोचतं." हे कुणीतरी विचारणार हे मला ठाऊकच होतं. नाही पोचत. गुंतलेल्या कणांची मापं एकमेकांशी जुळतात हे खरं, पण त्यांतून निरोप पाठवता येत नाही. क्वांटमच्या नावानं लॉकेटं विकणारे आणि प्रकाशाहून वेगवान फोन विकणारे एकाच माळेचे मणी.

स्मिथ नावाच्या अभियंत्यानं १९५७ मध्ये एक शहाणपणाची पद्धत दिली. आधी सोडलेले हुकूम विसरायचे नाहीत, घुमटाची एक गणिती नक्कल आपल्याजवळ ठेवायची आणि "आत्ता तिथं काय झालं असेल" ते तिच्यावर बघून ठरवायचं. गुळव्यानं घरात छोटी काहील मांडावी तसं. पद्धत चांगली चालते, पण घुमटाला नवं भोक पडलं तर नकलेला ते कुठून कळणार?

म्हणजे प्रश्न नुसत्या उशिराचा नाही. उशीर आणि ती गोष्ट बदलायचा वेग, दोन्ही शेजारी ठेवून बघावे लागतात. आता देखाव्यातली दुसरी चूक. माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे साडेपाचशे लिटर. आमचा घुमट खरा असता, २० फूट बाय १८ फूट आणि १० फूट उंच, तर त्यात लाखभर लिटर हवा मावली असती. दहा कामगार, हवा शुद्ध करणारं यंत्र बंद. कार्बन डायऑक्साइड तासाला पाव टक्क्याच्या आत वाढणार. डोकं दुखून धाप लागायला तीन टक्क्यांच्या आसपास जावं लागतं, त्याला बारा-तेरा तास. गळा धरून लगेच कोसळायचं काही कारण नाही. तेवढ्यात ते जेवतील, मीटिंग घेतील आणि पाना घेऊन व्हॉल्व्हही उघडतील. उलट भोक पडून हवा सुटली तर खेळ मिनिटांचा. तो कुठल्याही अध्यक्षाच्या हातात नाही, तिथल्या तिथल्या संगणकाच्या आणि माणसांच्या हातात.

मग कंपनीचा खलनायक बिनकामाचा? मुळीच नाही. पृथ्वीवरून मंगळाकडे यान सोडायची सोयीची वेळ २६ महिन्यांतून एकदा येते आणि प्रवासाला सातेक महिने लागतात. यानात फिल्टर किती ठेवायचे, प्राणवायू बनवणारी यंत्रं किती, हे कंट्रोल रूमच ठरवणार. पर्सिव्हिअरन्सवरच्या मॉक्सी या छोट्या यंत्रानं मंगळाच्या हवेतून प्राणवायू बनवून दाखवला, जास्तीत जास्त तासाला १२ ग्रॅम. माणसाला दिवसाला ८४० ग्रॅम तरी लागतो. ही तफावत भरायला किती मोठं यंत्र पाठवायचं, ते एका सहीवर. आणि घुमटातल्या संगणकाला आधीच लिहून दिलेली ती ओळ: "प्राणवायू अमुकच्या खाली गेला तर आधी कुठली खोली तोडायची." खरा निर्दयपणा तिथं मावेल. त्याला लाल बटण लागत नाही, शाईचं पेन पुरतं. शिवाय साधारण २६ महिन्यांनी सूर्य मधे येतो तेव्हा नासासुद्धा सुमारे दोन आठवडे मंगळावरच्या यानांना हुकूम पाठवणं थांबवते. कामगारांना संप करायचाच असेल तर मुहूर्त हा. पंचांगात मिळणार नाही.

पोरांनी सगळं ऐकून घेतलं. दिग्दर्शक म्हणाला, "सर, आपला देखावा सहा मिनिटांचा. तीन मिनिटं काही घडलंच नाही तर पब्लिक पुढच्या गल्लीत जाईल." तरी वायरिंगवाल्या पोराला उशिराची कल्पना आवडली. दुसऱ्या दिवशी तो शेतातल्या पंपाच्या पॅनेलमधला टायमर काढून घेऊन आला. अध्यक्ष बटण दाबून हसत बसतात, आणि घुमटात कामगार कशाचाच पत्ता नसल्यासारखे भाकरी खात बसतात. मांडवात कुणी बोलेना. मला वाटलं त्यापेक्षा फार भारी झालं ते.

टायमरची चकती ६० सेकंदांच्या पुढे जात नव्हती. त्यामुळे आमच्या गल्लीतला मंगळ १ कोटी ८० लाख किलोमीटरवर आलाय. खरा मंगळ एवढ्या जवळ कधीच येत नाही. पण मी गप्प बसलो.