निविदा नाकारण्यास न्यायालयीन आव्हान (भारत)

सरकारी खाते, महापालिका किंवा सार्वजनिक उपक्रमाने एखाद्याची निविदा अपात्र ठरवली, तर त्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची ही प्रक्रिया. ती बहुधा संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालील रिट याचिकेच्या (शासनाच्या कृतीविरुद्धच्या थेट अर्जाच्या) रूपाने उच्च न्यायालयात चालते. निविदा स्वीकारली जाईपर्यंत करार झालेला नसतो. त्यामुळे करारभंगाचा दावा लावता येत नाही आणि करारातले लवादाचे कलमही कामी येत नाही. नाकारलेल्या निविदाधारकाच्या हाती उरतो तो अनुच्छेद १४, म्हणजे समान वागणुकीचा हक्क. खासगी कंपनी कारण न देता कोणाचेही कोटेशन बाजूला सारू शकते. शासनाला ती मोकळीक नाही. मात्र काम आपल्यालाच मिळावे, असा हक्क कोणालाच नाही. न्यायालयात मागता येते ते एवढेच, की आपली निविदा इतरांच्याच मापाने मोजली जावी.

या कायद्याचा पाया मुंबई विमानतळावरच्या एका उपाहारगृहाने घातला. दुसऱ्या दर्जाचे उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवण्यासाठी विमानतळ प्राधिकरणाने निविदा मागवल्या. अट अशी होती की निविदा भरणारा नोंदणीकृत दुसऱ्या दर्जाचा हॉटेलचालक असावा आणि त्याला किमान ५ वर्षांचा अनुभव असावा. काम मात्र अशी नोंदणी नसलेल्या, पण खानपान सेवेचा अनुभव असलेल्या संस्थेला दिले गेले. आव्हान देणाऱ्याने स्वतः निविदा भरलीच नव्हती. त्याचे म्हणणे होते, ही अट सैल होणार हे ठाऊक असते, तर मीही भरली असती. रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण (१९७९) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी ठरवल्या. असे प्राधिकरण ‘राज्य’ या व्याख्येत मोडते, म्हणजे अनुच्छेद १४ त्यालाही बांधतो, आणि स्वतः घालून दिलेली पात्रतेची अट त्याला मनाला येईल तशी मोडता येत नाही. गंमत अशी की तत्त्व जिंकले आणि याचिकाकर्ता हरला. तो पाच महिन्यांहून अधिक उशिरा आला होता आणि तोवर काम मिळालेल्या संस्थेने तयारीवर सुमारे सव्वा लाख रुपये खर्च केले होते. विलंबाची ही गोष्ट पुढच्या प्रत्येक खटल्यात डोके वर काढते.

न्यायालय नेमके काय तपासते, याची चौकट टाटा सेल्युलर विरुद्ध भारत सरकार (१९९४) या निकालाने आखली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांतल्या मोबाइल सेवेच्या परवान्यांचा तो वाद होता. न्यायालय अपिलात बसत नाही. निर्णय बरोबर की चूक यापेक्षा तो कोणत्या रीतीने घेतला गेला, हे पाहते. बेकायदेशीरपणा, कोणताही समंजस अधिकारी करणार नाही असा अविवेक आणि प्रक्रियेतला अन्याय, एवढ्यावरच हस्तक्षेप होतो. जगदीश मंडल विरुद्ध ओरिसा राज्य (२००७) मध्ये याचे दोन प्रश्न केले गेले. निर्णय दुष्ट हेतूने, कोणावर मेहेरनजर करण्यासाठी किंवा निव्वळ मनमानीने घेतला गेला का? आणि त्यामुळे सार्वजनिक हिताला बाधा येते का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर याचिका संपली. व्यावसायिक चुरशीतून, दुखावलेल्या अहंकारापोटी राईचा पर्वत करणाऱ्या निविदाधारकांना त्या निकालात चांगलेच फटकारले आहे.

प्रत्यक्षात बहुतेक याचिका भ्रष्टाचाराच्या नसतात, कागदाच्या असतात. बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) चुकीच्या प्रकारे भरली, बँक हमीचा नमुना जुना जोडला, अनुभवाच्या दाखल्यावर कामाची किंमत लिहिलेली नाही, असे मुद्दे असतात. पोद्दार स्टील (१९९१) प्रकरणात भंगार विक्रीच्या निविदेत बयाणा रोख किंवा स्टेट बँकेच्या ड्राफ्टने मागितला होता. एकाने युनियन बँकेचा प्रमाणित धनादेश दिला. अट दुय्यम आहे, ती शिथिल करणे चालते, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. पुढे सेंट्रल कोलफील्ड्स (२०१६) प्रकरणात ठरलेल्या नमुन्यात बँक हमी नव्हती म्हणून नाकारलेली निविदा नाकारलेलीच राहिली, आणि कोणती अट अत्यावश्यक हे निविदा काढणाऱ्यानेच ठरवायचे, असे सांगितले गेले. हे दोन निकाल एकमेकांशेजारी सुखाने नांदतात असे म्हणवत नाही. पहिल्यात खात्याने सूट दिली होती आणि दुसऱ्यात नाकारली होती, एवढे लक्षात घेतले की मेळ बसतो: दोन्हीकडे न्यायालयाने खात्याचाच शब्द उचलून धरला.

नागपूर मेट्रोच्या कामात हेच दिसले. एका संयुक्त उपक्रमाचा परदेशातल्या रेल्वेचा अनुभव ‘मेट्रो’चा धरायचा की नाही, यावर वाद होता. उच्च न्यायालयाने अपात्रता रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली (ॲफकॉन्स, २०१६). ज्याने निविदेचा मसुदा लिहिला त्याला त्याचा अर्थ अधिक कळतो. तो अर्थ न्यायालयाला पटला नाही तरी दुष्ट हेतू वा उघड अतार्किकपणा दिसेपर्यंत हात घालू नये, हे त्याचे सार. मसुदा मोघम लिहिणाऱ्या खात्याला यात आयते बक्षीस मिळते, अशी तक्रार कंत्राटदार करतात आणि ती अगदीच खोटी नाही.

निविदाधारकाची बाजू सर्वांत बळकट असते ती कारणांच्या बाबतीत. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ नुसार विचारणा केल्यास नाकारण्याचे कारण सांगावे लागते. मोहिंदरसिंग गिल (१९७८) या निवडणुकीच्या खटल्यातले तत्त्व इथेही लागू पडते: मूळ आदेशात नसलेले कारण नंतर प्रतिज्ञापत्रातून आणता येत नाही. निविदेच्या पोर्टलवर नुसते ‘तांत्रिकदृष्ट्या अपात्र’ एवढेच उमटले असेल आणि खात्याने न्यायालयात दिलेल्या उत्तरात चार नवी कारणे निघाली, तर याचिकेत जीव येतो. तेवढ्याच तपशिलाचा कागद दुसऱ्याचा चालवून घेतला, हे दाखवता आले तर आणखी.

खरी शर्यत वेळेशी असते. तांत्रिक लिफाफ्यात (पात्रतेच्या कागदांत) बाद झाल्यावर आर्थिक लिफाफा (दरांचा) उघडायला फार दिवस लागत नाहीत. पहिल्या सुनावणीला सरकारी वकील उभे राहून ‘कार्यारंभ आदेश कालच दिला’ असे सांगतात, हा अनुभव या क्षेत्रात नवा नाही. म्हणून याचिकेत अंतरिम स्थगिती मागतात आणि लघुत्तम निविदाधारकाला, म्हणजे एल-१ला, प्रतिवादी करतात. तोही बहुधा कॅव्हेट, म्हणजे आपले ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, दाखल करून बसलेला असतो. २०१८ च्या दुरुस्तीने विशिष्ट अनुतोष अधिनियमात (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम २०क आणि ४१(हक) आले. पायाभूत प्रकल्पाला विलंब होईल असा मनाईहुकूम देऊ नये, असे ती म्हणतात. एन. जी. प्रोजेक्ट्स (२०२२) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिट न्यायालयांनाही हे ध्यानात ठेवायला सांगितले: मनमानी आढळली तरी शक्यतो काम थांबवू नये, नुकसानभरपाईकडे वळवावे. भरपाई म्हणजे निराळा दावा आणि त्यातली वर्षे.

युरोपीय संघात निर्णय कळवल्यानंतर किमान १० दिवस करार करता येत नाही. अमेरिकेत मुदतीत तक्रार नोंदवली की करार सहसा आपोआप थांबतो आणि महालेखा कार्यालय १०० दिवसांत निकाल देते. भारतात अशी सक्तीची थांबण्याची मुदत देशभर लागू नाही. २०१२ चे सार्वजनिक खरेदी विधेयक लोकसभा विसर्जित झाल्यावर २०१४ मध्ये बारगळले. तमिळनाडू, कर्नाटक, राजस्थान यांनी आपापले कायदे केले आहेत.

याचिका यशस्वी झाली तरी न्यायालय सहसा काम थेट देत नाही. अपात्रता रद्द करून फेरमूल्यांकनाला पाठवते. म्हणूनच नाकारल्याचे कळताच अनुभवी कंत्राटदार आधी त्याच दिवशी खात्याला पत्र देतो: कारणे कळवा आणि तोवर कार्यारंभ आदेश देऊ नका. उत्तर येवो न येवो, पोच घेतलेली त्या पत्राची प्रत पुढे याचिकेला जोडली जाते, आणि विलंबाचा आक्षेप आला की वकील तेच पान उघडतो.