हवेत थांबायचे पैसे

नाशिकरोड, उपनगर, देवळाली या पट्ट्यात राहणाऱ्यांना हेलिकॉप्टरचं काही अप्रूप नसतं. गांधीनगरला आर्मीचं एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल आहे, त्यामुळे चेतक नाहीतर चीता घरघर करत डोक्यावरून गेलं तरी गच्चीवर पापड घालणाऱ्या बायका मान पण वर करत नाहीत. पण तेच निफाडला सभेसाठी कुणाचं हेलिकॉप्टर उतरणार म्हटलं की अर्धा तालुका मैदानात. आदल्या दिवसापासून तयारी असते, फक्कीने गोल आखून मधे एच काढायचा, टँकरने पाणी मारायचं म्हणजे धुरळा उठून पायलटला जमीन दिसेनाशी व्हायला नको, आणि एका बाजूला घमेल्यात धूर करायचा, वारा कुठून येतोय ते त्याला वरूनच कळावं म्हणून.

एवढा सगळा आटापिटा शेवटच्या मिनिटासाठी, कारण हेलिकॉप्टरला खरा घाम फुटतो तो तिथेच. वेगात जाताना पंख्याला सारखी नवीन, न ढवळलेली हवा मिळते, त्यामुळे साधारण ३०-४० किमी वेग घेतला की ताकद कमी लागायला लागते. एका जागी थांबलं की संपलं, वरची हवा ओढून खाली फेकत राहायचं आणि तेवढ्यावर आपलं सगळं वजन तोलायचं. जमिनीच्या अगदी जवळ असलं तर खालून थोडा आधार मिळतो, पण पंख्याच्या व्यासाएवढं वर गेलं की तोही गेला.

आता यात नाशिकचा मे महिना घाला. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहोत आणि दुपारी पारा ४० ला टेकतो. गरम हवा विरळ असते, आणि त्या दिवशी आपल्या सपाट मैदानावरची हवा जेवढी विरळ असते तेवढी एरवी, म्हणजे एव्हिएशनवाले जे स्टँडर्ड हवामान धरतात त्यात, १,६०० मीटरच्या आसपास सापडते. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे ओझरला नाहीतर गंगापूर रोडला उभं असलेलं हेलिकॉप्टर दुपारी दोन वाजता जवळपास महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच शिखरावर उभं असल्यासारखंच, फक्त आपल्याला ते दिसत नाही. इंजिनला हवा कमी, पंख्याला हवा कमी, मग उरतं काय तर वजन कमी करणं.

समजा हेलिकॉप्टरने शेतात फवारणी करायची आहे, तर वजनाचा हिशोब एकदा करून बघा, मजा येते. रॉबिन्सन आर४४ हे जगात भरपूर खपलेलं चार सीटचं पिस्टन इंजिनवालं हेलिकॉप्टर. रिकामं साधारण ६८० किलो, आणि सगळं धरून जास्तीत जास्त ११३४ किलोच उचलायची परवानगी. उरले ४५० च्या आसपास. पायलट ८० किलोचा, अर्ध्या तासाचं पेट्रोल आणि थोडं वरचं मिळून चाळीसेक किलो, टाकी-पंप-नोझलची लांब दांडी असं फवारणीचं सामान साठ-सत्तर किलो, म्हणजे औषधाचं पाणी राहिलं अडीचशे ते पावणेतीनशे लिटर, आणि हे पण थंड हवेत. २०२० ला टोळधाड आली होती आठवतंय का, तेव्हा राजस्थानसाठी केंद्राने बेल २०६ हेलिकॉप्टर भाड्याने घेतलं होतं, त्याची पण क्षमता एका फेरीला २५० लिटरच सांगितली होती. तेवढ्यात २५ ते ५० हेक्टर होतं असं म्हणत होते, पण ते अगदी बारीक थेंबांचं, एकराला थोडंसंच औषध लागणारं काम. आपल्या द्राक्षबागेत डाऊनीसाठी, म्हणजे पानांवरच्या बुरशीसाठी, ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर फिरवतात तेव्हा एका एकराला किती टाक्या जातात ते कुठल्याही बागायतदाराला विचारा.

म्हणून पिंपळगाव-दिंडोरीला कुणी हेलिकॉप्टरने फवारणी करत नाही, आणि ते बरंच आहे. दोन एकर द्राक्ष, शेजारी कांदा, मधे वस्ती, विहीर, डीपी, वरून लाईटच्या तारा. फवारणीच्या पायलटला सगळ्यात जास्त भीती तारांचीच असते, खांब लांबून दिसतो, तार दिसत नाही. शिवाय शेजाऱ्याचं औषध उडून आपल्या एक्स्पोर्टच्या मालावर आलं आणि रेसिड्यूमधे, म्हणजे औषधाचा अंश सापडला म्हणून, कंटेनर अडकला तर भांडण कुठवर जाईल ते सांगायला नको. छोट्या तुकड्यांसाठी ड्रोनच बरा, तो निदान बांधावरून दिसतो तरी.

पण एक काम असं आहे की जे ऐकून आपल्याकडच्या बागायतदारांचे कान टवकारतील. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात चेरी काढणीला आली आणि पाऊस पडला की फळं पाणी पिऊन तडकतात, अगदी आपल्या मण्यांच्या क्रॅकिंगसारखं. मग तिथले लोक हेलिकॉप्टर बोलावतात आणि ते झाडांवरून हळूहळू फिरत पंख्याच्या वाऱ्याने पाणी झाडून टाकतं. आपण अवकाळीनंतर नुसती हवा सोडून ब्लोअर फिरवतो तेच, फक्त आकाशातून. त्यासाठी पायलट हेलिकॉप्टर घेऊन हंगामभर तिथे बसून असतात आणि पाऊस नाही आला तरी त्या थांबण्याचे पैसे घेतात. कडाक्याच्या थंडीत पण असंच, स्वच्छ रात्री जमिनीलगत गार हवा साचते आणि थोडं वर कोमट थर असतो, तो हेलिकॉप्टरने खाली ढकलायचा. न्यूझीलंडच्या द्राक्षबागांमधे हे चालतं. निफाडचा पारा घसरतो तेव्हा आपण शेकोट्या पेटवतो.

यातली ग्यानबाची मेख अशी की ही सगळी कामं कमी उंचीवर आणि कमी वेगात होतात, आणि नेमकं तिथेच इंजिन बंद पडलं तर वाचायची संधी सगळ्यात कमी. उंचावर बंद पडलं तर पायलट डाव्या हातातला कलेक्टिव्ह दांडा झटकन खाली करतो, पात्यांचा कोन कमी होतो आणि खालून येणाऱ्या हवेने पंखा फिरत राहतो, याला ऑटोरोटेशन म्हणतात. याचा सगळ्यात भारी किस्सा आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या चीताच्याच घराण्यातला आहे. चीता म्हणजे एचएएलने इथे बनवलेलं फ्रेंच लामा. २१ जून १९७२ ला जाँ बुले नावाच्या पायलटने लामा १२,४४२ मीटरवर नेलं, तिथे इंजिन विझलं, ते परत चालू होईना, आणि हा बाबा तिथून ऑटोरोटेशननेच खाली येऊन नीट उतरला. हाताशी उंची होती म्हणून जमलं. झाडाच्या शेंड्यावर थांबलेल्याकडे ना उंची असते ना वेग, त्यात रॉबिन्सनच्याच छोट्या, दोन सीटच्या आर२२ सारख्या हलक्या पंख्याच्या हेलिकॉप्टरात दांडा खाली करायला सेकंद-दीड सेकंदच मिळतो.

आणि हे सगळं तासावर मोजलं जातं, जेसीबीसारखं. फरक एवढाच की जेसीबी मोडेपर्यंत चालवता येतो. रॉबिन्सनचं ठरलेले दोन हजारांवर तास झाले किंवा १२ वर्षं झाली, जे आधी होईल ते, की पूर्ण ओव्हरहॉल करायचा, पाती दिसायला कितीही चकाचक असली तरी. म्हणजे शेडमधे झाकून ठेवलं तरी बारा वर्षं मोजली जातातच, त्यामुळे मालकाला ते उडवतच ठेवावं लागतं. शिवाय पिस्टन इंजिनला एव्हगॅस, म्हणजे विमानाचं खास पेट्रोल, लागतं, ते आपल्या देशात २०२२ पर्यंत बाहेरूनच यायचं, इंडियन ऑइलने तेव्हा इथे बनवायला सुरुवात केली. टर्बाइन इंजिनला लागणारं एटीएफ, म्हणजे जेट विमानांचं रॉकेलसारखं इंधन, मात्र मोठ्या विमानतळांवर मिळतंच, म्हणून आपल्याकडे चार्टरला बहुतेक टर्बाइनवालीच दिसतात.

लग्नात नवरदेव हेलिकॉप्टरने आणायचा असेल तर एवढं ध्यानात ठेवा. हेलिकॉप्टर बऱ्याचदा जुहूवरून येणार, सरळ रेषेत १४० किमीच्या आसपास, आणि रिकामं यायचे-जायचे तास पण बिलात धरतात, वर किमान तास ठरलेले असतात ते वेगळेच. कोटेशन घेतानाच ते विचारून घ्या, जिल्हा प्रशासनाच्या परवानगीचे कागद लवकर टाका, आणि सोबत कोण कोण बसणार त्यांची वजनं कपडे-बॅगांसकट खरी लिहून द्या. मुहूर्त मे महिन्यातला दुपारचा असेल तर मामाला गाडीनेच यायला सांगा.