भातावरचा कडा करपा: तीव्रता ठरवणारे जिवाणूचे गुण

कडा करपा या भाताच्या जिवाणूजन्य रोगाची भारतातली पहिली नोंद मुंबईच्या शेजारची आहे: १९५१, कुलाबा जिल्हा. दक्षिण मुंबईतला कुलाबा नव्हे, तर आजचा रायगड. जपानमध्ये फुकुओकाच्या शेतकऱ्यांना हा रोग १८८४ पासून माहीत होता. आपल्याकडे मात्र १९६३ साली बिहारमध्ये मोठी साथ येईपर्यंत तो किरकोळच समजला गेला.

झँथोमोनास ओरायझी हा जिवाणू पानाच्या कडेवरच्या जलरंध्रांतून किंवा जखमेतून थेट पाणी वाहणाऱ्या नळ्यांत उतरतो. तिथे तो चिकट शर्करायुक्त द्रव सोडतो. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवले, की हा द्रव बनवणारे एक जनुक निकामी केले तर जिवाणूची रोग घडवण्याची ताकदच जाते.

दुसरा गुण अधिक धूर्त. सुईसारख्या यंत्रणेतून जिवाणू आपली प्रथिने भाताच्या पेशीत टोचतो. त्यातले एक थेट केंद्रकात जाऊन स्वीट-११ हे जनुक चालू करते. हे जनुक साखर पेशीबाहेर काढणाऱ्या वाहकाचे आहे, हे २०१० मध्ये कळले. ज्या भातात या जनुकाची कळ, म्हणजे ते चालू करणारा भाग, बदललेला असतो, तिथे ते प्रथिन बसतच नाही. एक्सए-१३ या जनुकामुळे भाताला मिळणारा प्रतिकार म्हणजे नेमके हेच.

जिवाणूही बदलतो. एक्सए-४ या एकाच प्रतिकारक जनुकाच्या भरवशावरचे वाण आशियाभर पसरले, आणि त्याला न जुमानणारे प्रकार पुढे आले. म्हणूनच सुधारित सांबा मसुरी या भाताच्या वाणात एक्सए-५, एक्सए-१३ आणि एक्सए-२१ अशी तीन जनुके एकत्र आणली. आमच्या मते टिकाऊ वाट तीच.

वाण बरोबर असला तरी शेतात दोन गोष्टी घात करतात. युरियाचा जादा हप्ता दिला की पाने लुसलुशीत होतात आणि रोग भरभर पसरतो. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे छाटले तर जिवाणूला आयती जखम मिळते. मग कडा पिवळी पडण्यावर न थांबता अख्खे रोपच कोमेजते. प्रयोगशाळेत वाण तपासतानाही जिवाणूच्या पाण्यात बुडवलेल्या कात्रीने पानाचे शेंडेच कापतात आणि चौदा दिवसांनी चट्ट्याची लांबी मोजतात.

रोप कोमेजले की संशय आधी खोडकिड्यावर जातो. किडीने वाळलेला पोंगा (रोपाचा मधला कोवळा शेंडा) ओढताच सहज निघून येतो. करप्याचे रोप बुडाशी कापून दाबले, तर पिवळसर चिकट द्रव बाहेर येतो. शंका राहिलीच तर ताज्या चट्ट्याचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागा उतरताना दिसतो.