केना की मर्डानिया? निळ्या फुलाच्या खाली बघा

पावसाळ्यात बांधावर, भाताच्या खाचरात तीन पाकळ्यांचं निळं-जांभळं फूल दिसलं की आपण सरळ 'केना' म्हणून मोकळे होतो. त्यातली बरीच फुलं मात्र केन्याची, म्हणजे कॉमेलिना प्रजातीतली नसतात. ती मर्डानियाची असतात. दोघी एकाच कुळातल्या, म्हणून गफलत होते.

ओळखताना रंगाच्या नादी लागू नका, फूल कुठून निघालंय ते बघा. केन्याच्या कळ्या दुमडलेल्या पानासारख्या एका हिरव्या आवरणात दडलेल्या असतात. आपल्याकडच्या नेहमीच्या केन्यात, कॉमेलिना बेंगालेन्सिसमध्ये, या आवरणाच्या कडा खाली जुळून त्याचं नरसाळं झालेलं असतं. त्यातून एकेक फूल सकाळी बाहेर येतं, दुपारपर्यंत मलूल होतं आणि फळ पुन्हा त्या आवरणातच धरतं. मर्डानियाला असं आवरणच नसतं. तिची फुलं आणि नंतरची बोंडं बारीक देठांवर उघडीच दिसतात.

एवढं पाहिलं तरी निकाल लागतो. खात्री हवी असेल तर पाकळ्या बघा: केन्याच्या दोन मोठ्या आणि खालची एक लहानशी, मर्डानियाच्या तिन्ही जवळपास सारख्या. भिंग असेल तर पुंकेसरही बघाच. केन्याचे परागधारी पुंकेसर फुलाच्या खालच्या बाजूला आणि पिवळेधमक वांझ पुंकेसर वरच्या बाजूला असतात. मर्डानियात ते एकाआड एक, गोलाकार मांडलेले असतात.

नेहमीचा केना पानावरूनही कळतो. पान रुंद, अंडाकृती, आणि ते खोडाला वेढतं तिथे तांबूस केस. भातात सर्रास उगवणाऱ्या मर्डानिया न्यूडिफ्लोराची पानं अरुंद, गवतासारखी लांबट असतात. भजीसाठी पानं खुडताना हा फरक माहीत असायलाच हवा.

खुरपणाऱ्याला केना पुरून उरतो, त्याचं कारण मातीखाली आहे. बेंगालेन्सिसला जमिनीत पांढरट फांद्या फुटतात आणि त्यांवर कधीच न उमलणारी फुलं येतात. ती आतल्या आत स्वतःचंच परागीभवन उरकतात. वरच्या बोंडात साधारण पाच बिया, जमिनीतल्या बोंडात तीन. दोन्हीकडे एक बी मोठं, बाकीची लहान. वरून कापलेले तुकडे ओल्या मातीत पडले तरी पेऱ्यांना मुळं धरतात. म्हणून उपटलेला केना बांधावर टाकू नये, उन्हात पूर्ण वाळवावा. ग्लायफोसेट या तणनाशकालाही तो सहजासहजी दाद देत नाही. अमेरिकेत जॉर्जियातले कापूस उत्पादक याच तणाने जेरीस आले.

मर्डानियाकडे मात्र नुसतं तण म्हणून बघू नका. सह्याद्रीच्या सड्यांवर तिच्या देखण्या जाती आहेत. अबोलिमा, म्हणजे मर्डानिया लॅन्युजिनोसा, त्यातलीच. फूल निळं नाही, अबोली रंगाचं. आणि नावाचा मान बघा. केन्याचं शास्त्रीय नाव कॉमेलिन या डच वनस्पतिशास्त्रज्ञांच्या घराण्यावरून पडलं, तर मर्डानियाचं मर्दान अली यांच्यावरून. ते सहारनपूरच्या बागेत वनस्पती गोळा करत आणि तिथला वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह सांभाळत. एकोणिसाव्या शतकात रॉइल या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांच्या कामाची जाण ठेवून एका अख्ख्या प्रजातीला त्यांचं नाव दिलं. मला तरी या कुळातलं हे सगळ्यात आवडतं नाव आहे.