सौरवादळ: वर्दी दोन दिवसांची, खात्री तासाभराची

मे २०२४ मध्ये पुण्यातल्या हनुमान टेकडीवरून ग्रहणाचा चष्मा लावून सूर्य पाहिला, तर दुर्बिणीशिवाय एक काळा ठिपका दिसत होता. तिळाएवढा. प्रत्यक्षात सौरडागांचा तो समूह इतका रुंद होता की पंधरा पृथ्व्या ओळीने मांडता आल्या असत्या. त्यातून लागोपाठ उद्रेक झाले. अमेरिकी अंदाजकांनी जी-४ पातळीच्या भूचुंबकीय वादळाची, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या मोठ्या खळबळीची, शक्यता वर्तवली. १० मे रोजी आलं ते जी-५, म्हणजे मोजपट्टीवरचं शेवटचं. लडाखमध्ये हानले इथल्या कॅमेऱ्यांनी आकाशातली लाल आभा टिपली. पुण्यात नेहमीचाच उकाडा.

पावसाचा अंदाज चुकला की आपण पुणेकर तोंडसुख घेतो, पण सूर्याच्या हवामानाचा अंदाज त्याहून अवघड. सौरज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत पोचतो. विद्युतभारित वायूचा ढग मागून, साधारण एक ते तीन दिवसांनी. तो निघाला, आपल्या दिशेने निघाला, अमुक वेगाने निघाला, इतकं चित्रांवरून कळतं. खरी मेख त्याच्या पोटातल्या चुंबकीय क्षेत्रात आहे. ते दक्षिणेकडे वळलेलं असेल, तर पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जेला वाट मिळते. उत्तरेकडे असेल, तर तोच ढग बराचसा बगल देऊन जातो. आणि हे लांबून दिसत नाही!

म्हणून शितावरून भाताची परीक्षा. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला, सूर्य-पृथ्वीच्या ओढीचा मेळ बसून यान पृथ्वीबरोबरच राहू शकतं अशा एल-१ बिंदूभोवती काही याने फिरतात. आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून तिथे आहे. त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी 'सूट' दुर्बीण गणेशखिंडीतल्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेने घडवली. याच यानाच्या सहा मीटर लांब दांड्यावर चुंबकमापक बसवलेत. ढग त्यांच्यावरून गेला की दिशा कळते. सेकंदाला ५०० किलोमीटर वेग धरला, तर पुढे उरतात पन्नास मिनिटं. संध्याकाळी हिंजवडीहून कोथरूड गाठायलाही कधीकधी जास्त लागतात.

अवकाशातल्या हवामानाच्या रोजच्या तक्त्यात भूचुंबकीय खळबळ मोजणारा के-पी नावाचा आकडा असतो, ० ते ९, दर तीन तासांचा. पाचपासून वादळ. पण तो साऱ्या पृथ्वीचा मिळून एक, आणि मुख्यतः मध्यम अक्षांशांवरच्या वेधशाळांवरून काढलेला. पुणे चुंबकीय विषुववृत्ताच्या बरंच जवळ. आपल्याकडे के-पी दोन असतानाही, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, सूर्यास्तानंतर आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, विरळ बुडबुडे उठतात आणि जीपीएसचे संकेत लुकलुकतात. रिक्षाच्या अ‍ॅपला सहसा पत्ताही लागत नाही. सेंटिमीटरच्या हिशेबात जमीन मोजणाऱ्याला मात्र लागतो. 'मोबाइल बंद पडणार' छापाच्या बातम्या मी वाचतच नाही. तक्त्यात 'बी-झेड'चा, म्हणजे येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राच्या उत्तर-दक्षिण घटकाचा, रकाना बघतो: तिथे आकड्याआधी उणे चिन्ह आलं आणि तासन्‌तास टिकलं, तर दक्षिण.