लघवीचा रिपोर्ट समजून घेताना : आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रिपोर्टवर ‘पस सेल्स ८ ते १०’ किंवा ‘प्रोटीन ट्रेस’ (म्हणजे अगदी किंचित प्रोटीन) असं दिसलं की अनेकजण घाबरून आम्हाला फोन करतात. त्यावर आमचा पहिला प्रश्न एकच असतो : नमुना कसा घेतला होता? लघवीच्या तपासणीतल्या बऱ्याच घोळांचं मूळ यंत्रात किंवा रसायनात नसतं, ते डबी भरण्याच्या पद्धतीत असतं. म्हणून या पत्रकात आधी डबीबद्दल आणि मग आकड्यांबद्दल लिहितो आहोत.

नमुना असा घ्या

शक्य असेल तर सकाळी उठल्यावरची पहिली लघवी आणा. रात्रभर मूत्राशयात साठल्याने ती दाट असते आणि थोड्या प्रमाणात असलेल्या गोष्टीही त्यात सापडतात. नमुना पटकन देता यावा म्हणून तांब्याभर पाणी पिऊन येऊ नका. लघवी पातळ झाली की प्रोटीन, पेशी सगळंच कमी दिसतं आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो.

आधी हात धुवा. लघवीची जागा साध्या पाण्याने धुऊन पुसून घ्या. महिलांनी पुढून मागे पुसावं, पुरुषांनी पुढची कातडी मागे सारून धुवावं. सुरुवातीची धार बाहेर सोडा, मधली धार डबीत घ्या, शेवटची पुन्हा बाहेर. सुरुवातीच्या धारेबरोबर त्वचेवरचे जिवाणू आणि पेशी वाहून येतात, त्या डबीत नकोत. साधारण ३० ते ५० मिलीलीटर पुरेसं होतं. डबीच्या आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. घरातली धुतलेली बाटली कृपया आणू नका. तिच्यात ब्लीचचा अंश राहिला असेल तर तपासणीच्या पट्टीवर (लघवीत बुडवल्यावर रंग बदलणारी पट्टी) साखर किंवा रक्त नसतानाही दिसू शकतं.

डबी तासाभरात लॅबमध्ये पोहोचवा, फार तर दोन तासांत. तेवढ्यात जमणार नसेल तर ती फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही, आणि आणताना किती वाजता घेतली ते सांगा. उबेत राहिलेल्या लघवीत जिवाणू झपाट्याने वाढतात, साखर खातात आणि लघवी अल्कधर्मी करतात. पेशी फुटतात आणि कीटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे पदार्थ) उडून जातात. अशा नमुन्याचा रिपोर्ट तुमच्या शरीराबद्दल फारसं काही सांगत नाही. म्हणूनच कधी कधी आम्ही नमुना परत मागतो. त्रास होतो हे कळतं, पण चुकीच्या रिपोर्टवरून औषध सुरू होण्यापेक्षा दुसरी डबी बरी.

पाळी चालू असेल आणि तपासणी तातडीची नसेल तर ती संपल्यावर या. थांबणं शक्य नसेल तर काउंटरवर सांगा, आम्ही तशी नोंद करतो.

पस सेल्स

सर्वांत जास्त प्रश्न याच ओळीवर येतात. पस सेल्स म्हणजे पांढऱ्या पेशी. सूक्ष्मदर्शकाखाली साधारण ४०० पट मोठं करून पाहिलं की एका दृश्यक्षेत्रात त्या किती दिसतात, तो हा आकडा. रिपोर्टवर त्यापुढे ‘एचपीएफ’ असं लिहिलेलं असतं. ० ते ५ सामान्य धरतात. त्याहून जास्त असल्या म्हणजे मूत्रमार्गात कुठेतरी दाह आहे, एवढंच त्यातून कळतं. कारण बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो, पण खडा, नुकतीच घातलेली लघवीची नळी, अर्धवट घेतलेलं अँटिबायोटिक, कधी क्षयरोग, यांतही त्या वाढतात.

हा आकडा एकटा वाचू नका. शेजारची ‘एपिथेलियल सेल्स’ (त्वचेच्या आणि आतल्या अस्तराच्या पेशी) ही ओळ पाहा. त्याही भरपूर असतील तर त्वचेवरचं किंवा योनीमार्गातलं काहीतरी नमुन्यात मिसळलं असण्याची शक्यता मोठी. मग पस सेल्सवर विश्वास ठेवण्याआधी नमुना नीट घेऊन पुन्हा तपासणं योग्य.

‘नायट्राइट पॉझिटिव्ह’ असेल तर जिवाणू असण्याची शक्यता बळावते. मात्र ते निगेटिव्ह आलं म्हणून संसर्ग नाही असं म्हणता येत नाही. काही जिवाणू नायट्राइट बनवतच नाहीत, आणि जे बनवतात त्यांनाही लघवी मूत्राशयात सुमारे चार तास साठलेली लागते. वारंवार लघवीला जाणाऱ्याला तेवढा वेळ कुठून मिळणार!

संसर्ग कोणत्या जिवाणूचा आणि त्यावर कोणतं औषध चालेल, हे कल्चरमधूनच, म्हणजे लघवीतले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीतूनच, कळतं. त्यासाठी निर्जंतुक डबी आमच्याकडूनच घ्या आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्यापूर्वी नमुना द्या. रिपोर्टला साधारण दोन-तीन दिवस लागतात, कारण जिवाणू वाढायलाच वेळ लागतो. मधल्या धारेच्या नमुन्यात एका मिलीलीटरला १ लाख किंवा त्याहून जास्त एकाच प्रकारचे जिवाणू वाढले तर ते सहसा खऱ्या संसर्गाचं लक्षण मानतात. त्रास होत असेल तर त्याहून कमी संख्याही डॉक्टर महत्त्वाची मानतात. तीन-चार प्रकारचे एकदम वाढले तर नमुना दूषित झाल्याची शंका जास्त.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. जळजळ नाही, ताप नाही, तरी कल्चरमध्ये जिवाणू वाढले, असं विशेषतः वृद्ध व्यक्तींमध्ये बऱ्याचदा होतं आणि त्याला बहुधा औषध लागत नाही. गरोदर महिलांची गोष्ट वेगळी : त्रास नसला तरी त्यांना उपचार देतात, कारण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाण्याचा धोका असतो. त्यामुळे रिपोर्ट पाहून घरी उरलेल्या गोळ्या सुरू करू नका. गरोदर असाल तर ते आम्हालाही सांगा.

प्रोटीन आणि साखर

ताप, जोराचा व्यायाम, शरीरातलं पाणी कमी होणं, यांमुळे प्रोटीन तात्पुरतं दिसू शकतं. एकदा ‘ट्रेस’ किंवा ‘१+’ (म्हणजे थोडंसं) आलं तर काही दिवसांनी पुन्हा तपासावं. पुन्हा पुन्हा येत असेल, लघवीला टिकणारा फेस असेल, पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज असेल, तर मूत्रपिंडाकडे लक्ष द्यायला हवं. गरोदरपणात, त्यातही २० आठवड्यांनंतर, वाढलेल्या रक्तदाबाबरोबर प्रोटीन आलं तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

मधुमेह असलेल्यांनी ‘प्रोटीन निल’ वाचून निर्धास्त होऊ नये. मूत्रपिंडाला सुरुवातीला होणारी इजा साध्या पट्टीवर दिसत नाही. त्यासाठी अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिनचं (स्नायूंतून तयार होणारा, लघवीवाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) गुणोत्तर, म्हणजे एसीआर, तपासतात. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असलं तर ठीक. ३० ते ३०० मध्ये आलं आणि पुन्हा तपासल्यावरही तेच दिसलं, तर ती सुरुवातीची सूचना असते, आणि याच टप्प्यावर उपचारांचा सर्वांत जास्त उपयोग होतो. वर्षातून एकदा ही तपासणी कराच.

रक्तातली साखर १०० मिलीलीटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की ती लघवीत उतरू लागते. म्हणून लघवीत साखर नाही याचा अर्थ मधुमेह नाही, असा होत नाही. उलट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकूनच काम करतात. त्या घेणाऱ्यांच्या रिपोर्टवर ‘४+’ (म्हणजे खूप साखर) दिसलं तर ते अपेक्षितच आहे.

मधुमेहात कीटोन जास्त असतील आणि सोबत उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल तर थेट रुग्णालय गाठा. वर सांगितलेल्या गोळ्या चालू असतील तर रक्तातली साखर फार वाढलेली नसतानाही हे होऊ शकतं. उपाशी राहिल्यावर मात्र थोडे कीटोन कुणालाही येतात.

रक्त, रंग आणि बाकीचं

लाल लघवी म्हणजे रक्तच असं नाही. बीट खाल्ल्यावर, क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनने लघवी लालसर-नारिंगी होते. बी-कॉम्प्लेक्सने भडक पिवळी. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. पण तांबड्या पेशी खरोखर दिसल्या तर दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. वेदनेशिवाय येणारं रक्त चाळिशीनंतर, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांनी, हमखास तपासून घ्यावं. मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण अशीच असू शकते.

बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं रंगद्रव्य) लघवीत एरवी नसतं. ते आलं तर यकृत किंवा पित्तमार्गाची तपासणी लागते. कॅल्शियम ऑक्झलेटचे थोडे स्फटिक निरोगी माणसातही दिसतात, त्यावरून मुतखडा ठरत नाही. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे लघवीचा दाटपणा, १.००५ ते १.०३० च्या दरम्यान असते आणि ती मुख्यतः तुम्ही किती पाणी प्यायलात ते सांगते.

डबी देताना चालू औषधांची नावं काउंटरवर लिहून द्या, व्हिटॅमिन सीची गोळीसुद्धा. तिचा मोठा डोस घेतला असेल तर रक्त आणि साखर असूनही पट्टीवर दिसत नाहीत. औषधं आमच्यासाठी म्हणून बंद करू नका, फक्त सांगा. ताप, उलट्या, कंबरेत एका बाजूला दुखणं किंवा लघवी अडणं असेल तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. रिपोर्ट मागाहून पोहोचेल.